लग्नघरातला समुद्र

मी दातांचा डॉक्टर. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत खाली दवाखाना, वर घर. गेली सव्वीस वर्षं मी लोकांना एकच गोष्ट ओरडून सांगतोय, की कोल्ड्रिंक आणि सोडा पिऊन दातावरचा थर विरघळतो आणि गेलेला थर परत येत नाही. लोक मान हलवतात, चूळ भरतात आणि बाहेर पडून कोपऱ्यावरच्या गाड्यावर लिंबू-सोडा मारतात. मला खिडकीतून दिसतं.

समुद्राशी माझा संबंध यायचं काही कारण नव्हतं. आम्हाला पंचगंगा पुरते, पावसाळ्यात तर जरा जास्तच होते. पण मुलगी गोव्याला समुद्राचा अभ्यास करायला गेली आणि एका सुट्टीत तिनं आम्हा दोघांना मालवणला नेऊन पाण्यात उतरवलं. तोंडावर मुखवटा, त्याला नळी, कमरेला टायर. मी पाण्यात तोंड घातलं आणि खाली प्रवाळाची बाग दिसली. पुढची पंधरा मिनिटं मी हललोच नाही. बायकोला वाटलं मी गेलो. तिनं टायर धरून मला ओढलं तेव्हा मी वर येऊन म्हणालो, "घरी पाहिजे हे."

"काय?"

"समुद्र."

तिनं मुलीकडं बघितलं. मुलगी म्हणाली, "आई, असतात तशा टाक्या. पण खूप निगा लागते." शेवटचं वाक्य मी ऐकलं नाही.

चार फुटी काचेची टाकी दिवाणखान्यात आली, जिथं आधी शोकेस होतं. समुद्राचं मीठ पोत्यानं यायला लागलं. गाळलेल्या पाण्यात ते ढवळायचं, मापायचं, एक दिवस मुरू द्यायचं. शेजारचे काका जिन्यात पोतं बघून थांबले. "डॉक्टर, एवढं मीठ? पापड घालताय व्हय?" मी म्हणालो, समुद्र करतोय. ते म्हणाले, "करा, करा," आणि दोन पायऱ्या जपून उतरले.

दगडी प्रवाळ घरात ठेवायला कायद्यानं बंदी आहे, हे मुलीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्यामुळं माझ्याकडं आले ते मऊ प्रकार. त्यातला एक मोठा, अळंबीसारखा, डोक्यावर शेकडो बारीक बोटं उघडून हलणारा. त्याच्याशिवाय नारिंगी माशांची एक जोडी, काच चाटत फिरणाऱ्या डझनभर गोगलगायी आणि दगड. त्या दगडांवर हळूहळू एक गुलाबी थर चढला. तो शेवाळाचाच प्रकार, पण चुन्याचा, कडक. दातावरच्या थरासारखा. मला तो थर फार आवडायचा. एखाद्या दगडाची नवी कड गुलाबी झाली की मी बायकोला हाक मारायचो. ती स्वयंपाकघरातूनच "छान" म्हणायची.

रोज सकाळी दात घासायच्या आधी मी पेनासारखं एक यंत्र पाण्यात बुडवून पीएच बघायचो. पाणी आंबट किती आणि उलट बाजूचं किती, ते सांगणारा तो आकडा. सातच्या खाली आंबट. समुद्र आठच्या जरा वर असतो. माझा समुद्र वर्षभर आठ पॉइंट दोनवर होता आणि मी पेशंटनासुद्धा तो आकडा सांगत असे. तोंडात दोन्ही हात घातलेले असताना पेशंट काही बोलू शकत नाही, हा आमच्या धंद्याचा फायदा आहे.

मग मुलीचं लग्न ठरलं. मुलगा इचलकरंजीचा, तिच्याबरोबरच गोव्यात शिकलेला. घरचे यंत्रमाग. लग्न डिसेंबरात आणि पाहुणे आठ दिवस आधीच यायला लागले. पहिली आली माझी आत्या, कागलच्या पलीकडच्या गावाहून, एक पत्र्याची पेटी, दोन बोचकी आणि कमरेला तंबाखूची चंची घेऊन. माझ्या आत्याला पंचाहत्तर वर्षं झाली आणि तिची ती चंची सोडवायचा मी तिसाव्या वर्षापासून प्रयत्न करतोय. तिच्यामागून शाहूवाडीहून बायकोचे मामा-मामी आले. मामा भाताचे शेतकरी. त्यांचा आवाज असा की ते जिन्यात बोलले तर दवाखान्यात पेशंट तोंड मिटतो. मग चुलतभाऊ, मावसबहिणी, त्यांची पोरं. तिसऱ्या दिवशी घरात एकोणीस माणसं होती. त्यातली अकरा दिवाणखान्यात गाद्या टाकून झोपत होती, टाकीच्या समोर. थंडी होती आणि डास होते, म्हणून खिडक्या बंद.

आत्यानं टाकीसमोर उकिडवं बसून बराच वेळ मासे न्याहाळले. "किती मोठं व्हत्यात ही?"

"एवढेच राहतात."

"एवढंच?" तिनं माझ्याकडं कीव येऊन बघितलं. "मग कालवण कसलं व्हायचं ह्येचं?"

पाहुणे यायला लागल्यावर दुसऱ्या सकाळी आकडा होता आठ. तिसऱ्या सकाळी सात पॉइंट नऊ. चौथ्या सकाळी सात पॉइंट आठ, आणि अळंबीसारखं ते प्रवाळ सगळी बोटं आत घेऊन मुठीसारखं बसलेलं. दगडांवरचा गुलाबी थर कडेनं फिका पडल्यासारखा वाटत होता. दोन गोगलगायी तळाशी पडल्या होत्या. मी एक उचलून दवाखान्यातल्या भिंगाखाली धरली. शंखाच्या टोकावर खड्डे पडले होते, थेट किडक्या दाढेसारखे.

मी यंत्र बदललं, मीठ तपासलं, पाण्याचा गाळ उपसला. घरात हळदीची, बांगड्यांची, अंतरपाटाची चर्चा चालली होती. मी मध्येच म्हणालो, "सात पॉइंट आठ."

बायको हातातली यादी खाली ठेवून म्हणाली, "अहो, लग्न मुलीचं आहे. माशांचं नाही."

पुण्याच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, चुन्याचं पाणी घाला, त्यानं पीएच वर येतो आणि प्रवाळाला कॅल्शियमही मिळतं, पावडर पाठवतो, चार दिवसांत पोचेल. चार दिवस! मी इकडंतिकडं बघितलं. आत्या गॅलरीत बसून तळहातावर तंबाखू मळत होती. डाव्या अंगठ्याच्या नखावर चुना.

पन्नास वर्षांपूर्वी तिच्या मांडीवर खेळलेला आणि वीस वर्षांपासून तिला "आत्या, तो चुना सोड" म्हणणारा मी, तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"आत्या, चुना आहे का जरा?"

तिचा हात थांबला. तिनं वर बघितलं. मग फार हळू म्हणाली, "कुणाला पायजे?"

"मला."

"दातांच्या डॉक्टरला?"

"पाण्यात घालायचाय."

तिनं गॅलरीतूनच सगळ्या घराला ऐकू जाईल असं हसून घेतलं. मग पेटीतून एक बरणी काढली. तिचा चुना बाजारच्या डबीतला नव्हता. ती कळीचा चुना आणून घरीच मडक्यात विझवायची आणि ती बरणी घेऊनच गावोगाव फिरायची. मी बरणीतला दोन चमचे चुना तांब्याभर पाण्यात घातला, पळीनं ढवळला आणि टाकीत ओतला.

टाकीत दूध सांडल्यासारखं झालं. मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. घरातली सगळी पोरं धावत आली. आकडा उडी मारून आठ पॉइंट सहावर गेला.

आत्या मागं येऊन उभी राहिली होती. "काय क्येलंस रं?"

"चुन्याचं पाणी घातलं."

"ही पाणी न्हाई, ही लगदा हाय. निवळी ठावं न्हाई व्हय तुला? तू बारका हुतास तवा तुझ्याच तोंडात घालतो हुतो की मी, दात येत हुतं तवा." कोल्हापूरकडच्या बायका "घालतो, जातो" असंच बोलतात, आत्याही तशीच. "चुना ढवळायचा, ठेवायचा, सकाळी वरचं नितळ तेवढंच घ्यायचं. निवळी म्हंजे निवळल्यालं! शिकलास तरी कशाला?"

ताजं मिठाचं पाणी तयार होतं, म्हणून मासे वाचले. मामा, चुलतभाऊ आणि मी बादल्या भरून अर्धी टाकी बदलली. मामा बादली उचलताना म्हणाले, "जावई, हळदीच्या आधी आमाला समुद्र उपसायला लावलाय तुमी."

दुसऱ्या दिवसापासून निवळीचं खातं आत्याकडं गेलं. ती सकाळी नितळ पाणी वाटीनं काढून द्यायची. ते एकदम ओतायचं नाही म्हणून मी औषधाच्या दुकानातून सलाइनची बाटली आणि नळी आणली, पडद्याच्या दांडीला टांगली आणि थेंब थेंब टाकीत सोडली. ते बघून आलेला प्रत्येक पाहुणा दारातच चप्पल काढताना थबकायचा. गडहिंग्लजच्या मावसबहिणीनं तर आधी पदर तोंडाला लावला. "कुणाला बरं न्हाई?" मामा आतून म्हणाले, "मासं ॲडमिट हायत."

एवढं करूनही सकाळी आकडा पुन्हा सात पॉइंट आठ.

त्या दुपारी मुलगी आली. गोव्याच्या गाडीतून उतरली, आत्याच्या पाया पडली, आईच्या गळ्यात पडली आणि टाकीसमोर येऊन उभी राहिली. सलाइनकडं बघितलं. रोजचे आकडे लिहिलेली माझी वही बघितली. मग वळून दिवाणखान्याकडं बघितलं. अकरा गाद्या, सोळा माणसं, आत शेगडीवर चहाचं पातेलं, सगळ्या खिडक्या बंद.

"बाबा," ती म्हणाली, "घरात माणसं किती आहेत?"

"तू धरून बावीस."

"आणि सगळे श्वास सोडतात?"

सव्वीस वर्षं लोकांच्या तोंडावर वाकून काम करणाऱ्या माणसाला श्वासात काय असतं ते सांगायची वेळ आली होती.

तिनं मला स्वयंपाकघराच्या दारात उभं करून समजावलं. बंद खोलीत एवढी माणसं म्हणजे हवेत कार्बन डायऑक्साइड साठणार. पाणी तो गिळतं. पाण्यात गेला की त्याचं आम्ल होतं. "तुम्ही पेशंटना सोड्याबद्दल सांगता, तेच." प्रवाळाला हाडं बांधायला पाण्यातलं कार्बोनेट लागतं, आणि नेमकं तेच हे आम्ल आधी संपवून टाकतं. मग हाडं बनतात, पण सावकाश, पातळ, ठिसूळ. "खऱ्या समुद्रात हेच चाललंय, बाबा. आपण जे जे जाळतो त्यातला बराच वायू समुद्र गिळतो. पाणी आंबट होत नाही, पण आंबटाकडं सरकतं. तुमच्या टाकीत चार दिवसांत झालं, तिथं कित्येक वर्षांत होतंय. मी त्याच्यावरच काम करते. तुम्ही दर फोनवर विचारता ना, नक्की काय करतेस म्हणून?"

मी खरंच विचारत असे. आणि उत्तर मिळेपर्यंत टाकीबद्दल बोलायला लागत असे.

"हा गुलाबी थर तर सगळ्यात आधी मार खातो," ती म्हणाली. "आणि प्रवाळाचं पिल्लू पाण्यात तरंगत तरंगत बसायला जागा शोधतं, ते असाच थर हुडकत येतं. थर नसला तर ते बसत नाही."

आत्या लसूण सोलत ऐकत होती. "म्हंजे पोरगं जागा बगाय आलं आनि घरच न्हाई," ती म्हणाली. मुलीनं मान हलवली. माझ्यापेक्षा आत्याला लवकर कळलं होतं.

इथवर सगळं ठीक होतं. पुढचं मी केलं.

मुलगी पार्लरमध्ये गेल्यावर मी डिसेंबरच्या थंडीत भर संध्याकाळी सगळी दारं-खिडक्या सताड उघडली. पाहुण्यांनी शाली ओढल्या. दोघांना शिंका लागल्या. कुणीतरी खिडकी लावली की मी उठून उघडायचो. मग मी एकेकाला गोड बोलून गच्चीवर पाठवायला लागलो. वर काय हवा आहे, वर काय दिसतं. मामी म्हणाल्या, "दोनदा जाऊन आलो की." मी म्हणालो, तिसऱ्यांदा जा. चुलतभाऊ टाकीसमोर बसून गप्पा मारत होता, त्याला म्हणालो, जरा तिकडं तोंड करून बोल.

त्यानं विचारलं, का? आणि मी, थकलेला माणूस, खरं ते सांगून बसलो.

बातमी गच्चीपर्यंत जायला दोन मिनिटं लागली. मामा जिना उतरले ते प्रत्येक पायरीवर आवाज करत. दिवाणखान्याच्या मधोमध उभे राहिले. "जावई, आमी श्वास सोडला म्हणून तुमचं मासं आजारी पडल्यात म्हणं?"

"मासे नाही, मामा. पाणी."

"बरं. पाणी." त्यांनी गादीवर बैठक मारली. "मग आमी श्वास घ्यायचाच बंद करतो की. हां. घ्या." त्यांनी गाल फुगवले, नाक चिमटीत धरलं आणि माझ्याकडं डोळे वटारून बसले.

सगळं घर गोळा झालं. मामा लाल झाले. मामी म्हणाल्या, "सोडा की ओ, डोळं भाईर याय लागल्यात." मामांनी मानेनंच नाही म्हटलं. शेवटी त्यांनी असा फुस्सकन श्वास सोडला की सलाइनची नळी हलली. मग ते उठले आणि पिशवीत धोतर कोंबायला लागले. मुलीला हळद लागायला एक दिवस उरला होता आणि मामांशिवाय तिला अंतरपाटाशी आणणार कोण?

बायकोनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याचं वर्णन मी करणार नाही.

मुलगी पार्लरमधून आली तेव्हा मामा पिशवीला गाठ मारत होते. मेंदी ओली असल्यामुळं दोन्ही हात हवेत धरून तिनं सगळं ऐकून घेतलं. तिनं कुणाची समजूत काढली नाही. म्हणाली, "मामाआजोबा, जायच्या आधी एक काम करा. तुमच्या श्वासात किती दम आहे ते बघू."

दम म्हटल्यावर मामांचा हात गाठीवर थांबला.

तिनं मला दवाखान्यातून काचेचा एक ग्लास आणि लाळ ओढायच्या नव्या नळ्यांचं पाकीट आणायला सांगितलं. आत्यानं ग्लासात चुन्याची निवळी ओतली, पाण्यासारखी स्वच्छ. मुलगी म्हणाली, "फुंका. ओढायचं नाही, फक्त फुंकायचं."

मामांनी नळी तोंडात धरली आणि फुंकलं. बुडबुडे आले. दहा-बारा फुंकांत निवळी पांढरी झाली, दुधासारखी.

"आयला!" मामा म्हणाले. "माझ्या पोटातनं चुना आला?"

"चुना पाण्यात होताच. तुमच्या श्वासातला वायू आणि तो चुना मिळून खडू झाला. शंख, शिंपले, प्रवाळाची हाडं, सगळं ह्याच मालाचं."

"म्हंजे आमच्या श्वासानं हाडं तयार व्हत्यात की!" मामांनी माझ्याकडं विजयानं बघितलं. "आनि हे म्हनत्यात मरत्यात."

"फुंकत राहा," मुलगी म्हणाली.

ते फुंकत राहिले. दमले तेव्हा चुलतभावानं नवी नळी घेतली. मग त्याचा मुलगा, मग गडहिंग्लजच्या मावसबहिणीचे यजमान, जे एकेकाळी तालमीत जात होते आणि ज्यांना ते सांगायला निमित्तच हवं होतं. कोण किती वेळ फुंकतो याची मोजणी सुरू झाली. पोरांनी आरोळ्या ठोकल्या. गल्लीतून शेजारचे काका वर आले, त्यांनीही एक नळी मागितली. मी बाजूला उभा राहून मनात म्हणत होतो, एवढा कार्बन डायऑक्साइड या खोलीत कधीच झाला नसेल.

आणि मग ग्लासातला पांढरेपणा विरळ व्हायला लागला. आधी कडेनं, मग मध्ये. मामांनी पुन्हा नळी घेतली आणि जीव खाऊन फुंकलं. थोड्या वेळानं ग्लासापलीकडची आत्याची बोटं दिसायला लागली.

पोरं ग्लासावर वाकली.

"गेला कुटं खडू?" मामांनी विचारलं.

"विरघळला," मुलगी म्हणाली. "थोडा वायू होता तेव्हा झाला. फार झाला तेव्हा गेला. समुद्रात इतकं सरळ नाही आणि इतकं झटपट तर नाहीच. पण दिशा हीच."

मामांनी ग्लास उजेडात धरून फिरवून बघितला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ह्ये आदी सांगाय काय झालतं तुमाला? नुसतं गच्चीवर जावा, गच्चीवर जावा." त्यांनी पिशवीची गाठ सोडली. धोतर बाहेर काढून मामींकडं दिलं. "आपल्या दमानंच विरघाळला त्यो शेवटी. बघितलंसा न्हवं?"

उपायही मुलीनंच सांगितला. टाकीला एक स्किमर असतो. तो हवेचे बुडबुडे पाण्यात सोडतो आणि फेसाबरोबर घाण वर काढतो. तो हवा खोलीतली घेत होता. त्याला लांब नळी जोडून हवा बाहेरून घ्यायची, बस्स. मी त्याच संध्याकाळी वीस फूट नळी आणली, स्किमरला लावली आणि मागच्या खिडकीच्या गजातून परड्यात सोडली. कुणाला गच्चीवर जावं लागणार नव्हतं. मामा स्वतः स्टुलावर चढून नळी धरायला मदत करत होते.

सकाळी सात पॉइंट सहा.

मी यंत्र झटकलं. पुन्हा सात पॉइंट सहा. वर स्किमरचा फेस बसलेला. आणि टाकीतून एक वास येत होता. नाक जवळ नेलं. तळणीचा वास.

मी मागच्या खिडकीतून वाकून बघितलं. बरोबर नळीच्या तोंडाखाली आचाऱ्यानं लाकडाची भट्टी पेटवली होती आणि पहाटेपासून लग्नाच्या लाडवांसाठी बुंदी पाडत होता. धूर सरळ वर येत होता आणि माझा स्किमर तो सगळा आवडीनं ओढत होता.

"पावणं!" मी वरून ओरडलो. "भट्टी जरा तिकडं घ्या की!"

आचाऱ्यानं झारा थांबवून वर बघितलं. "का ओ? वास आवडला न्हाई?"

"माशांना त्रास होतोय."

त्यानं झारा पुन्हा कढईत घातला. दुपारी जेवताना मी त्याला वाढप्याशी बोलताना ऐकलं, की नवरीच्या बापाला जरा सांभाळून घ्या, पोरगी जायच्या दुःखानं असं व्हतंय माणसाला.

नळी गच्चीवर नेली. मामांनी ती वाळत घालायच्या तारेच्या खांबाला सुतळीनं बांधली आणि मुलांना ताकीद दिली की हिच्याजवळ कुणी श्वास सोडायचा नाही. हळदीच्या दिवशी आकडा सात पॉइंट नऊ. लग्नाच्या सकाळी मी नव्या धोतरात टाकीसमोर उभा होतो आणि बायको जिन्यातून हाका मारत होती. आठ पॉइंट शून्य. अळंबीनं दोन-तीन बोटं बाहेर काढली होती.

खाली गाडीत मुलगी शालू सावरून बसली होती. मी शेजारी बसल्यावर तिनं विचारलं, "किती?" मी सांगितलं. ती हसली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुमच्या टाकीला गच्ची आहे, बाबा. समुद्रानं बाहेरची हवा कुठून आणायची?" गाडी सुरू झाली आणि लगेच बँडवाले पुढं आले. पण त्या सगळ्या लग्नात, अक्षता टाकताना, व्याह्यांच्या गळ्यात पडताना, मध्येच ते वाक्य आठवत होतं. पाठवणीला मी रडलो. आचारी लांबून मान हलवत होता.

चार दिवसांत घर मोकळं झालं. आत्या बरणी अर्धी करून ठेवून गेली. गोगलगायींपैकी चार गेल्या, बाकीच्या सावरल्या. गुलाबी थराच्या एका कडेवर पांढरा डाग राहिला, तो अजून भरला नाही. आकडा आठ पॉइंट दोनवर आला त्या सकाळी घरात आम्ही दोघंच होतो आणि स्किमरचा आवाज फार मोठा वाटत होता.

पंधरवड्यानं मुलगी-जावई आले, बरोबर व्याही. व्याही इचलकरंजीत चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढलेला माणूस, त्यामुळं शेजारी बसलेल्याशीही ते पलीकडच्या रस्त्यावरच्या माणसाशी बोलावं तसं बोलतात. ते दारातच थांबले.

"डॉक्टर! आमी तिघं हाय! तिघंबी येऊ, का दोघं येऊ?"

मामांनी पंगतीत बसून सगळं सांगितलं होतं, श्वास कोंडण्यासकट. मी हात जोडले. बायको तोंडाला पदर लावून आत पळाली.

व्याही टाकीसमोर खुर्ची ओढून बसले. अळंबी पूर्ण उघडली होती, सगळी बोटं पाण्याबरोबर हलत होती. चहा आला, निवला. ते बघतच होते. मी त्यांना पेन पाण्यात बुडवून आकडा दाखवला, नळी कुठून कुठं जाते ते दाखवलं.

मग नेहमीपेक्षा बराच हळू म्हणाले, "आमच्या शेडात बी खिडक्या बंदच असत्यात. हवा कोरडी झाली की सूत तुटतंय. तीस-बत्तीस माणसं हायत पाळीला. वर कापसाचं तंतू. दोन वर्सं झाली, एक-दोघं खोकाय लागल्यात." त्यांनी कप उचलला, तसाच खाली ठेवला. "ह्ये पेन कितीला... न्हाई, ऱ्हाऊ दे. कुटं मिळतंय ह्ये?"

मी म्हणालो, "हे पाण्याचं आहे. हवेचं मोजत नाही."

"मग हवेचं कुटलं असतंय?"

मी आत मुलीला हाक मारली. ती हात पुसत बाहेर आली, सासऱ्यांशेजारी खाली बसली आणि वहीच्या मागच्या पानावर त्यांच्या शेडाचा नकाशा काढून घ्यायला लागली. दार कुठं, माग किती, माणसं कुठं उभी राहतात. व्याही बोटानं दाखवत होते आणि पुन्हा त्यांचा आवाज चढत चालला होता.